मागच्या चाकाचा वाद

पिकअप गाडीला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक, ही विभागणी आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. बघतो तो घाट उतरणारा गाडीवाला. नारायणगाव-ओतूरकडून माळशेज उतरून कल्याणला माल नेणाऱ्या माणसाला ब्रेक हा रोजचा विषय आहे. हल्ली त्याच्या मोबाइलवर ‘ड्रम काढा, डिस्क बसवा’ असं सांगणारे व्हिडिओही रोजच येतात. खालचा संवाद मी रचलेला आहे, पण त्यातलं बहुतेक बोलणं कुठल्याही गॅरेजात ऐकू येईल असं. मामा जुने मिस्त्री. भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला आणि स्वतःची पिकअप स्वतः चालवणारा. जिथं राहवलं नाही तिथं मीही तोंड घातलं आहे.

भाचा : मामा, मागचे ड्रम काढून टाकायचे. डिस्क बसवायची. सामान मी आणतो, ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेऊ.

मामा : ड्रमनं तुझं काय घोडं मारलं?

भाचा : परवा अर्धा घाट उतरलो आणि पेडल खाली जायला लागलं. दोनदा पंपिंग मारलं तेव्हा कुठं गाडी धरली. हौद्यात पंच्याहत्तर क्रेट टोमॅटो, म्हणजे पंधरा क्विंटल. मोरोशीला गाडी बाजूला घेतली तर चाकाजवळ उभं राहवत नव्हतं. पाणी मारलं तर चर्र आवाज.

मामा : तापलेल्या बिडावर गार पाणी मारलंस? तडा गेला असता म्हणजे कळलं असतं. डिप्लोम्यात शिकवतात का हे?

भाचा : डिप्लोम्यात हे शिकवतात की गाडी आणि माल मिळून तीन टन धरले, तर साठच्या वेगातून गाडी पूर्ण थांबवायला ब्रेकना सुमारे ४ लाख १७ हजार ज्यूल उष्णता गिळावी लागते. तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची तर आकडा होतो १ कोटी ४७ लाख. म्हणजे एका घाटात साठच्या वेगातून ३५ वेळा करकचून थांबवल्याइतकी उष्णता. थोडी इंजिन खातं, थोडी वारा खातो, टायर खातात. बाकीची जाते कुठं? ब्रेकमध्ये. आणि ड्रम म्हणजे झाकलेला डबा. शू आत, लायनर आत, गरम हवाही आतच. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, मग पेडल जास्त दाबावं लागतं. लायनर तापला की त्याची पकड सुटते, मग दाबूनही उपयोग नाही. डिस्क उघडी असते. तापली की तिची जाडी वाढते, ती पॅडच्या जवळच येते, आणि वाऱ्यावर निवतेही लवकर.

मामा : हे खरं आहे. कोण नाही म्हणतंय?

भाचा : १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार जिंकली ती डिस्क ब्रेकवर. बाकीचे ड्रमवाले वळणाच्या कितीतरी आधीपासून ब्रेक मारत होते, हे उशिरा मारून पुढे जात होते.

मामा : त्या गाडीच्या हौद्यात टोमॅटो होते का?

मामांचा टोला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शर्यतीच्या गाडीचं वजन सकाळी जितकं, तितकंच रात्री. पिकअप सकाळी तीन टनांची असते आणि परतताना दीड टनाची. मालाच्या गाडीच्या मागच्या चाकांवरचा भार एका दिवसात इतका बदलतो, आणि मागच्या ब्रेकचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आणखी एक गैरसमज इथंच बाजूला करतो. ड्रम म्हणजे आजोबांचा आणि डिस्क म्हणजे नव्या जमान्याची, असं भाच्याच्या वयाची मुलं धरून चालतात. फ्रेडरिक लँचेस्टरनं इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं १९०२ साली. फ्रान्समध्ये लुई रेनॉनं ड्रम ब्रेक आणला तोही १९०२ सालीच. दोन्ही ब्रेक एकाच वयाचे. टोयोटाची टॅकोमा ही अमेरिकेतली लोकप्रिय पिकअप २०२३ पर्यंत मागे ड्रम घेऊन विकली जात होती. फोक्सवॅगननं तर आयडी ३ या विजेवरच्या गाडीला मुद्दाम मागे ड्रम दिले, कारण विजेच्या गाडीत मोटरच बराचसा वेग उतरवते, डिस्क नुसती पडून राहते आणि गंजते.

भाचा : कंपन्या ड्रम देतात ते स्वस्त पडतं म्हणून, मामा. ड्रममध्ये हँडब्रेकची सोय फुकटात होते. शास्त्र नंतर सांगतात, आधी हिशोब करतात.

मामा : कंपनी काय वेडी आहे का? तिनं विचार करूनच दिलं असेल ना!

इथं मी भाच्याच्या बाजूचा. ‘कंपनीनं दिलं म्हणजे बरोबर’ हा मुद्दाच होत नाही. कंपनी किंमत बघून देते, आणि घाटात रोज भरून उतरणारा गिऱ्हाईक तिच्या अनेक गिऱ्हाइकांपैकी एक असतो. मामांकडे याहून चांगलं म्हणणं होतं. ते बाहेर यायला थोडा वेळ लागला.

मामा : बरं, मला सांग, ड्रमच्या आतले दोन शू सारखंच काम करतात का?

भाचा : नाही. गाडी पुढे जात असताना एक शू ड्रमच्या फिरण्याबरोबर ड्रमकडे ओढला जातो. लीडिंग शू. दुसरा ड्रमपासून लांब ढकलला जातो.

मामा : दाराखाली पाचर सारावी आणि दार तिच्यावर ढकललं की ती आणखीच आवळावी, तसा तो शू स्वतःला आवळून घेतो. तू पेडलवर एक जोर देतोस, ड्रम त्यात स्वतःचा जोर घालतो. डिस्कला ही सवय आहे का?

भाचा : नाही. पॅड दोन्ही बाजूंनी सरळ दाबतात. जितका दाब, तितकीच पकड.

मामा : मग जास्तीचा दाब कोण देणार? बूस्टर तोच, मास्टर सिलिंडर तोच.

भाचा : कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो. व्हील सिलिंडर २२ मिलिमीटरचा धरा, कॅलिपर ५० चा. क्षेत्रफळ पाचपट होतं. व्हील सिलिंडरला दोन पिस्टन असतात म्हणून अडीचपट म्हणू. तेवढ्यानं भागतं.

मामा : पिस्टन अडीचपट, मग त्याला हलवायला तेलही तितकंच जास्त लागणार ना? मास्टर सिलिंडर तेवढं तेल ढकलतो का?

भाचा : पॅडला हलायचं अंतर थोडं असतं. शूला जास्त चालावं लागतं. जमतं बऱ्याचदा.

मामा : बऱ्याचदा! आणि ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी पेडल फळीला टेकतं. जुन्या गाड्यांत ड्रमच्या लाइनला एक बारका व्हॉल्व्ह असतो, लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा. तो तसाच राहिला की डिस्कचे पॅड चिकटून राहतात. मग रोटर उगाच तापतो, डिझेल जास्त जातं, आणि गाडीवाला येऊन मला विचारतो की मामा, अ‍ॅव्हरेज का पडलं?

भाचा : तो व्हॉल्व्ह काढता येतो.

मामा : येतो. ब्रॅकेट बनवता येतं, व्हॉल्व्ह काढता येतो, मास्टर सिलिंडर मोठा घालता येतो. सगळंच करता येतं रे. फक्त आता तू ब्रेक बनवणारी कंपनी झालास, आणि तपासणारं कुणी नाही.

भाचा : ब्रॅकेटमध्ये काय विशेष? बारा मिलिमीटरची प्लेट कापायची, भोकं पाडायची.

मामा : त्याच्यावर जोर किती येतो ते काढ बघू. तुझंच शास्त्र.

भाचा : तीन टन गाडी, बरा जोराचा ब्रेक म्हणजे अर्धा जी. त्यातला चाळीस टक्के वाटा मागच्या चाकांचा धरू. एका चाकाला सुमारे तीन हजार न्यूटन. टायरची त्रिज्या ३५ सेंटिमीटर, कॅलिपर बसणार मध्यापासून १२ सेंटिमीटरवर. म्हणजे जवळजवळ तिप्पट. साडेआठ हजार न्यूटनच्या वर.

मामा : किलोत सांग.

भाचा : पावणेनऊशे किलो.

मामा : प्रत्येक ब्रेकला. त्या प्लेटवर आणि तिच्या चार बोल्टांवर. आणि बोल्ट कुठले? बऱ्याच गाड्यांत बॅकप्लेट आणि एक्सलच्या बेअरिंगची पट्टी एकाच बोल्टांवर असते. तिथली जाडी कमी-जास्त झाली की बेअरिंग ढिलं तरी बसणार नाहीतर आवळलं तरी जाणार. ब्रेक सुधारायला गेलास आणि चाक घालवून बसलास.

हा हिशोब भाच्यानं स्वतःच्या तोंडानं केला, हे मला विशेष वाटतं. व्हिडिओत रोटर चकचकीत दिसतो, कॅलिपर लाल रंगवलेला असतो, आणि ज्याच्यावर सगळा भार येणार ते ब्रॅकेट मागे झाकलेलं असतं. अमेरिकेत जुन्या पिकअपसाठी अशी तयार किट विकत मिळतात. तिथं निदान ब्रॅकेट त्या-त्या एक्सलसाठी बनवलेलं असतं. मागचा दाब हातानं जुळवण्याचा व्हॉल्व्ह मात्र अनेकदा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो न घेताच काम उरकणारेही असतात. आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची डिस्क, तिसऱ्याच गाडीचा कॅलिपर आणि नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याचं ब्रॅकेट, अशी सोयरीक जुळवली जाते.

मामा : आणि हँडब्रेकचं काय करणार?

भाचा : हँडब्रेकची यंत्रणा आत असलेले कॅलिपर मिळतात. केबल त्याच्या लिव्हरला जोडायची.

मामा : भरलेली गाडी घाटाच्या चढावर उभी करायची आहे. ड्रमचा हँडब्रेक त्या आवळणाऱ्या शूच्या जोरावर गाडी धरतो. तुझा कॅलिपरवाला लहान गाडीचा आणलास तर दीड टनाच्या मालापुढे काय टिकणार? शिवाय तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून तू चहाला गेलास. डिस्क निवली, जाडी कमी झाली, पकड सुटली. तू भजी खातोयस आणि गाडी निघाली कल्याणला.

भाचा : टायरला दगड लावतोच की आपण.

मामा : मग दगडच बसवून घे. स्वस्त पडेल.

कायद्याची बाजू चटकन सांगून टाकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्यानं मूळ दिलेले आणि नोंदणी प्रमाणपत्रावर असलेले तपशील जुळेनासे होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. नियमात न बसणाऱ्या फेरफारासाठी त्यात मालकाला दर फेरफारामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

भाचा : आरसी बुकात ब्रेकचा प्रकार कुठं लिहिलेला असतो? वजन लिहितात, इंजिन नंबर लिहितात.

मामा : पासिंगला गेलास की साहेब बुक वाचून थांबत नाही, खाली वाकूनही बघतो. आठ वर्षांपुढच्या गाडीला तर दर वर्षी जायचं. आणि देव न करो, काही झालंच, तर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी त्या ब्रॅकेटचा फोटो काढेल.

भाच्याच्या प्रश्नाला कायद्याचं नेमकं उत्तर मामांनी दिलं नाही. पण धंद्याची गाडी असेल तर त्यांचं व्यवहाराचं उत्तर मला पुरेसं वाटतं.

यानंतर मामांनी जो प्रश्न विचारला तो खरं म्हणजे पहिल्या मिनिटाला विचारायचा होता. पण जुन्या मिस्त्रींची रीतच आहे, आधी भांडून घ्यायचं आणि मग गाडीखाली शिरायचं.

मामा : घाटात पेडल गेलं तेव्हा ते कडक होतं की मऊ?

भाचा : मऊ. आत-आत जात होतं. पंपिंगनं वर आलं.

मामा : आणि तापलेलं चाक कुठलं? ज्याच्यावर पाणी मारलंस ते?

भाचा : (थोडा थांबून) पुढचं. डावीकडचं जास्त. पण मागचेही तापलेच असणार की.

मामा : असणार? हात लावून पाहिलास?

भाचा : नाही.

मामा : लायनर करपला तर पेडल कडक राहतं आणि गाडी पळत राहते. ड्रम फुगला तर पेडल खाली जातं, पण पाय टेकतो तिथं काहीतरी लागतं. मऊ पडून आत जातं तेव्हा लाइनमध्ये वाफ असते. ब्रेक ऑइल उकळलं तुझं. आणि कुठं उकळलं? तुझ्या लाडक्या डिस्कमध्ये. पॅडमागे पिस्टन, पिस्टनमागे तेल. उष्णता सरळ तेलात. ऑइल कधी बदललंस?

भाचा : गाडी घेतल्यापासून… कमी झालं की वरून टाकतो.

मामा : वरून टाकतो!

मामांचं निदान पुस्तकाशी जुळणारं आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं कोरं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात पुढच्या पॅडचं तापमान याच्या कितीतरी वर जातं. कोकणाच्या तोंडाशी चार पावसाळे काढलेलं ऑइल त्या डबीत असेल, तर चारही चाकांना डिस्क बसवूनही तेच होणार. किंबहुना मागेही उकळायची सोय होईल.

भाचा : ऑइल बदलू. मान्य. पण पुढचे ब्रेक एवढे तापले याचा अर्थ मागचे काम करत नव्हते. म्हणजे ड्रमचाच दोष ना? मागचे सुधारायलाच हवेत.

मामा : आता बरोबर बोललास. मागचे काम का करत नव्हते? चल खाली. हाउसिंगवरून वर चॅसीकडे गेलेली ही सळी दिसली?

भाचा : एलएसपीव्ही. भारानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह.

मामा : ती भार कसा ओळखते?

भाचा : माल भरला की हौदा खाली बसतो, स्प्रिंगचे पाटे दबतात, सळी फिरते, व्हॉल्व्ह उघडतो. मागे जास्त दाब. रिकामी असताना हौदा वर, व्हॉल्व्ह आवळलेला, मागे कमी दाब. नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते.

मामा : आणि दिवाळीत तू मागे काय करून घेतलंस?

भाचा : …पाटा वाढवला. दोन्ही बाजूंना एकेक.

मामा : आता पंधरा क्विंटल भरले तरी हौदा पूर्वीइतका बसत नाही. सळीला वाटतं, गाडी अर्धी रिकामी आहे. ती मागे तेल सोडतच नाही. सगळा घाट पुढच्या दोन चाकांनी उतरवला. त्या सळीला काय ठाऊक तू दिवाळीत काय केलंस ते! आता मागे डिस्क बसव, सळी तिलाही तेवढंच तेल सोडेल. ड्रम निदान थोड्या दाबात स्वतःला आवळून घेत होता. डिस्क तेही करणार नाही.

हा मुद्दा माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा आहे, आणि तो कुठल्या व्हिडिओत मी पाहिलेला नाही. पाटे वाढवणं आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्याला कुणी फेरफार म्हणतच नाही. काही गॅरेजांत यावर एक भयंकर उपाय करतात. सळी तारेनं वर बांधून टाकतात, म्हणजे मागे कायम पूर्ण दाब. भरलेली गाडी छान थांबते. रिकामी गाडी जुलैत, ओल्या वळणावर, शेपूट पुढे घेऊन येते.

भाचा : मग सळी नव्या पाट्यांना जुळवून घेऊ.

मामा : कंपनीचं माप मूळ पाट्यांचं आहे. तुझ्या पाट्यांचं माप कुणाकडे नाही. अंदाजानं लावू शकतो, पण मग रिकामी गाडी चालवताना जपून राहायचं.

भाचा : तरीही मामा, एक सांगतो. डिस्कचा पॅड किती उरला ते चाकातून दिसतं. ड्रमच्या आत काय चाललंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडतं कोण? तुमच्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांपैकी किती जणांचे ड्रम तुम्ही स्वतःहून उघडून बघता? चिखलात अ‍ॅडजस्टर गंजून बसतो, शू लांब राहतात, गाडीवाल्याला पत्ता नसतो. डिस्क स्वतःच जुळवून घेते.

मामा : गिऱ्हाईक सांगेल तेवढंच काम करायचं असतं. उघडलं तर म्हणतात, मिस्त्रीनं बिल वाढवलं.

याला मामांकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं नसणारच. ड्रमच्या विरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा हा आहे, आणि तो उष्णतेच्या गणितापेक्षा मोठा आहे. झाकलेलं यंत्र बघितलं जात नाही. कंपनीनंच मागे डिस्क दिलेली पिकअप घ्यायची वेळ आली तर मी भाच्याला ती घ्यायला सांगेन. तिचा मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह, हँडब्रेक सगळं त्या हिशोबानं बसवलेलं असेल. हातातली ड्रमची गाडी कापून जोडायला मात्र सांगणार नाही.

मामा : आता ऐक. चारही चाकं उघडायची. शूचे लायनर बघायचे, ड्रमला आतून वळ पडला असेल तर टर्निंग करून घ्यायचं, पण ड्रमवर कोरलेल्या मापापुढे नाही. व्हील सिलिंडरचे किट बदलायचे. अ‍ॅडजस्टर मोकळे करायचे. धूळ हवेनं उडवायची नाही, पाण्यानं धुवायची. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. आम्ही बरीच वर्षं फुंकला, तू फुंकू नकोस. सगळं ऑइल काढून डॉट ४ भरायचं, चारही चाकांची एअर काढायची. आणि घाटात तिसऱ्या गिअरनं उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतोस ते मला माहीत आहे.

भाचा : कधीतरी. खालच्या सपाटीला.

मामा : सपाटी! बरं. आणि ते जादाचे पाटे उतरवायचे.

भाचा : बाकी सगळं करतो मामा. ड्रममध्ये काही निघालं तर डिस्कचा विषय परत काढणार.

मामा : काढ. पाट्यांचं काय?

भाचा : पाटे नाही उतरवत. आता सीझन आहे.

मामा : मग पंचावन्न क्रेट भर.

भाचा : पंचावन्नात डिझेल आणि टोल सुटत नाही. तुम्ही सळीचं बघा ना काहीतरी.